खिळ्यावरच्या चुंबळी

पळसटोल्याच्या अंगणवाडीच्या भेट-पुस्तिकेत माझ्या हातचा एक शेरा आहे: ‘भिंतीवर टांगलेली अस्वच्छ कापडे तात्काळ काढावीत.’ तात्काळ या शब्दाखाली दोन रेघा. मला रेघा ओढायची सवयच आहे. तेवीस अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका झालं, की रस्त्यावर स्कूटीचे टायर झिजतात आणि कागदावर रेघा वाढतात. त्या दोन रेघांची आता मला लाज वाटते, म्हणून त्या कोणासाठी होत्या ते आधी सांगते.

त्या चंदाबाईसाठी होत्या. चंदाबाई ही पळसटोल्याची मदतनीस. कागदावर तिचं काम एवढंच, की झाडलोट करायची, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची आणि मुलांना घरून बोलावून आणायचं. अंगणवाडी चालवते ती सेविका, साधना. साधना हुशार पोर आहे, मोबाईलमधल्या नोंदी वेळेवर भरते, तिच्याकडून मला कधी त्रास नाही. पण त्या खोलीत चालतं कोणाचं हे कळायला दहा मिनिटं पुरतात. रडणारं मूल साधनाकडे जात नाही. माझ्याकडे तर नाहीच नाही.

चंदाबाईचं वय पंचेचाळीसच्या आसपास, बुटकी, काळीसावळी, समोरचा एक दात अर्धा तुटलेला. मोठ्या माणसांशी बोलताना फटकळ. मुलांशी बोलायचं असलं की आधी जमिनीवर बसणार, गुडघे कटकन वाजणार, आणि मग मुलाच्या डोळ्यांत बघून बोलणार. उभ्याने मुलाशी बोलताना मी तिला कधीच पाहिलेलं नाही. सरपंच आला तरी ती बसलेलीच असते, कारण तेव्हा ती कोणाशी तरी बोलत असते.

पहिल्या भेटीत मला दिसले ते खिळे. दाराच्या डाव्या हाताला, मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर ओळीने सतरा खिळे, आणि बहुतेक खिळ्यांना गोल गुंडाळलेली कळकट चिंध्यांची एकेक चुंबळ. डोक्यावर टोपली किंवा घागर घेताना बाया खाली कापडाची जी गादी ठेवतात, ती.

“हे काय लटकवलंय?” मी विचारलं.

“चुंबळी आहेत जी, मॅडम.”

“ते दिसतंय मला. कशाला?”

“मायांच्या आहेत,” असं म्हणून ती खिचडी हलवायला गेली. तिच्या मते उत्तर पूर्ण झालं होतं. मी शेरा लिहिला, रेघा ओढल्या आणि निघाले.

पुढच्या महिन्यात गेले तर चुंबळी होत्याच, वर दोन वाढलेल्या. शेरा वाचला नाही का, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. “वाचला जी. साधनानं वाचून दाखवला. अक्षर लय साजरं आहे तुमचं,” चंदाबाई म्हणाली. माझी थट्टा चालली आहे की कौतुक, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

मग साधनानेच मला सगळं समजावलं. पळसटोल्यात धानाची शेती करणारी कुणब्यांची घरं आहेत आणि गोंडांचीही आहेत. रोवणी असो, मोहफूल असो की तेंदूपत्ता, बाईला घराबाहेर पडावंच लागतं. जाताना मूल रडू नये म्हणून आया काय करतात? मूल खेळात रमलं की हळूच मागच्या बाजूने सटकतात. सगळीकडे हेच चालतं. चंदाबाईने तिच्या दारात ते बंद केलं होतं. तिथे प्रत्येक आईने मुलासमोर उभं राहायचं, “मी जातो, खिचडीच्या टायमाले येतो” असं सांगायचं (इकडे बायाही ‘जातो-येतो’च म्हणतात), आपली चुंबळ मुलाच्या हातात द्यायची आणि मुलाने ती खिळ्याला लावायची. आईची जुनी चुंबळ, घामाच्या वासाची, तेल मुरलेली. दिवसभरात मूल ती काढतं, डोक्यावर ठेवतं, चोखतं, कुशीत घेऊन झोपतं. आई परत आली की मूलच खिळ्यावरून चुंबळ काढून तिच्या हातात देतं. धुवायची नाही, हा चंदाबाईचा कडक नियम. धुतली की माय निघून जाते म्हणे तिच्यातून.

“आणि मूल रडलं तर?” मी विचारलं.

“मंग रडू द्याचं,” चंदाबाई चुलीजवळून म्हणाली. “माय गेली तर रडणार नाई तर काय हासंल? मी जवळ बसतो. म्हणतो, राग आला, रडू येऊन राह्यलं, येऊ दे. चावू देत नाई मी कोणाले. पण राग येऊ देतो.”

तीन वर्षांच्या आतलं मूल दिवसभर ठेवायची सोय अंगणवाडीत नाही, हेही मी तिला ऐकवलं. नियम सांगणं माझं कामच आहे. “मंग जंगलात नेऊ म्हणता का त्याले?” तिने विचारलं. या प्रश्नाला शासनाच्या कुठल्याही परिपत्रकात उत्तर नाही. मी पाणी प्यायले आणि वजनाचे तक्ते पाहायला घेतले.

हे ती कुठे शिकली? प्रशिक्षणात नाही, कारण प्रशिक्षणाला सेविका जातात, मदतनिसाला कोणी बोलवत नाही. ती शिकली स्वतःच्या घरात. तिचा निकेश दोन वर्षांचा असताना ती त्याला जावेकडे खेळत सोडून गुपचूप रोवणीला गेली. आई कुठे दिसेना म्हणून पोर शोधत निघालं आणि तळ्याच्या पाळीवर सापडलं, पाण्यापासून चार हातांवर. निकेश आता गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात आहे, बायकोपोरांचा झाला आहे. पण त्या दिवसानंतर तीन वर्षं त्याने आईचा पदर सोडला नव्हता, ती विहिरीवर गेली तरी. “मी चोरून गेलो ना, तर त्याले वाटे, माय कवाबी गायब होऊ शकते. सांगून गेलो असतो तर एकडाव रडला असता,” ती म्हणाली.

हे ऐकताना मला माझंच घर आठवत होतं. माझी दीपिका लहान असताना मीही चंद्रपूरच्या घरातून मागच्या दाराने कामावर निघत असे. सासूबाई तिला समोरच्या खिडकीत चिमण्या दाखवायच्या आणि मी स्कूटी ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन मग सुरू करायची. दीपिका आता नऊ वर्षांची आहे. अभ्यास करता करता दर पाच-दहा मिनिटांनी हाक मारते, “आई, घरात आहेस ना?” मला वाटायचं, पोरीला सवयच आहे तशी.

तरीही मी सुधारले नाही. शेरा मागे घेतला नाही, फक्त त्यावर बोलायचं सोडून दिलं.

सतरा खिळ्यांपैकी एका खिळ्याला चुंबळ नव्हती, दुपट्टा असायचा. तो पोचूचा. पोचू म्हणजे मंगलीचा सासरा, साठीचा, वाळक्या अंगाचा गोंड म्हातारा. मंगलीचा नवरा सुनिल माजरीला कोळशाच्या गाड्यांवर कामाला, महिन्यातून दोनदा घरी येणारा. मंगली शेतात. म्हणून अडीच वर्षांच्या निशाला खांद्यावर बसवून अंगणवाडीत आणायचं काम पोचूचं. बायांचं पाहून तोही गळ्यातला दुपट्टा निशाकडे द्यायचा, निशा तो खिळ्याला अडकवायची, आणि पोचू “जातो, माय” म्हणून निघायचा. दुपारी यायचा. निशा दुपट्टा काढून त्याच्या गळ्यात टाकायची आणि परत खांद्यावर चढायची.

फेब्रुवारीत एका सकाळी पोचू निशाला सोडून जळणासाठी जंगलात गेला आणि त्याला वाघाने मारलं. आमच्या या चंद्रपूरच्या भागात ही बातमी कोणाला नवी नाही, आणि ज्याच्या घरात होते त्याला ती कधी जुनीही होत नाही. वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला. गोंडांच्या रीतीप्रमाणे गावाबाहेर पोचूच्या नावाचा दगड उभा राहिला. निशाला यातलं काही दाखवलं नाही. घरच्यांनी तिला सांगितलं, “आजा जंगलात गेला. मोहफुलं घेऊन येते.” लेकराला दुसरं काय सांगायचं, असं सगळ्यांना वाटलं.

चार दिवसांनी निशा अंगणवाडीत आली, खिळ्यासमोर उभी राहिली, दुपट्ट्याला हात लावला आणि चंदाबाईकडे बघून म्हणाली, “आजा?”

वीस वर्षं एकाही आईला आपल्या दारात खोटं बोलू न देणारी चंदाबाई. तीही म्हणाली, “येते ना, माय. दुपट्टा आहे ना इथी. येते.” हे तिनेच मला पुढे सांगितलं. दुपट्टा तसाच खिळ्यावर राहिला.

मार्च संपता संपता मोह गळायला लागला. वाघाच्या भीतीने गावाने ठरवलं, की ऊन वर आल्याशिवाय कोणी जायचं नाही आणि एकट्याने तर नाहीच. बाया दहा-बारांच्या टोळीने निघू लागल्या. मंगलीने टोपली उचलली की निशा तिच्या पायाला मिठी मारायची. सोडवायला गेलं तर चावायची. चुंबळ हातात दिली तर फेकायची. आईने आणलेली मोहफुलं अंगणात वाळत घातली, तर तिने ती दोन्ही हातांनी उधळली. अंगणवाडीत दुसऱ्या मुलांना चावायला लागली. होते ते दहा-वीस शब्दही बोलेना. पहिल्या सात दिवसांत मंगली दोनदाच जंगलात जाऊ शकली, आणि मोह काही कोणासाठी थांबत नाही.

सुनिलने फोनवर निकाल देऊन टाकला. पुढच्या शनिवारी येतो आणि निशाला माजरीला बहिणीकडे नेतो, तेंदूपत्ता संपेपर्यंत. म्हणजे तीन महिने. मंगलीने हे मला सांगितलं तेव्हा तिच्या हातावर निशाच्या दातांची निळी खूण होती. “तीन महिन्यात ते मले विसरून जाईल, मॅडम,” ती म्हणाली. “आजा गेला, आता मायबी गेली, असं होईल तिले.”

त्याच आठवड्यात मी चंद्रपूरला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. बालकाचा भावनिक विकास. हसऱ्या बाळाचं चित्र असलेला एक गुळगुळीत तक्ता मला मिळाला होता आणि अंगात जोर होता. तक्त्यात लिहिलं होतं ते वेगळंच, पण माझ्या डोक्यात वर्षानुवर्षं बसलेला उपाय मी त्या तक्त्याच्या नावावर खपवला. “मुलाचं लक्ष दुसरीकडे वेधायचं आणि आईने हळूच निघायचं. मी स्वतः करून दाखवते,” मी म्हणाले.

चंदाबाईने एरवी मला उभं चिरलं असतं. त्या दिवशी ती बोलली नाही. आपल्याच तोंडून निघालेलं एक खोटं तिच्या मनाला लागलं होतं, हे मला कुठे माहीत होतं? मला वाटलं, चला, बाई एकदाची वठणीवर आली.

सोमवारी सकाळी मी रंगीत ठोकळे घेऊन निशासमोर बसले. मनोरा केला, पाडला, परत केला. मंगली चुलीमागच्या दाराने निघून गेली. पाच मिनिटांनी निशाने मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं. रडली नाही. नुसती बसून राहिली.

“बघा,” मी साधनाला म्हणाले. “एक अश्रू नाही.”

“रडली नाई हे चांगलं नाई, मॅडम,” चंदाबाई पहिल्यांदाच बोलली, आणि घागर घेऊन हातपंपावर गेली.

मी आणि साधना वजनं घेत होतो. चार मुलांची वजनं झाली असतील. चंदाबाई घागर घेऊन दारात आली, तिने आधी खिळ्यांकडे पाहिलं, मग खोलीत, आणि घागर तिच्या हातून निसटली. पोचूचा दुपट्टा खिळ्यावर नव्हता. निशा खोलीत नव्हती.

मी घराघरांत शोधायला निघणार होते. चंदाबाई सरळ जंगलाच्या पायवाटेने धावली. तिच्यामागे मी, हातात चपला घेऊन. शेवटचं घर मागे पडलं, शेतांचे बांध-धुरे संपले, पळसाची झुडपं लागली. माझ्या मनात एकच गोष्ट चालली होती: हे मी करून दाखवलं. मीच.

वळणापलीकडे ती दिसली. लाल फ्रॉक, अनवाणी, एकटी. दुपट्ट्याचं एक टोक मुठीत आणि बाकीचा मागे धुळीत फरफटत. ती रमतगमत नव्हती, कामावर निघालेल्या माणसासारखी चालत होती. मी हाक मारणार तेवढ्यात चंदाबाईने माझ्या तोंडावर हात ठेवला. मग धावणं थांबवून ती भरभर चालत निशाच्या पुढे गेली आणि वाटेत मांडी घालून बसली.

“कुठी चालली, माय?”

निशाने दुपट्टा वर धरला. “आजा,” ती म्हणाली. “दुप्पटा. दे आजा.”

तिचा हिशेब चोख होता. दुपट्टा इथे आहे म्हणजे आजा येणार, हे मोठ्या माणसांनीच सांगितलं होतं. आजा इतके दिवस आला नाही. मग निदान दुपट्टा त्याच्याकडे पोहोचवायला हवा. आणि ज्या जंगलातून आजा येत नाही त्याच जंगलात आई रोज टोपली घेऊन जाते, आणि आज तर न सांगता गेली. चावणार नाही तर काय करील ते लेकरू?

चंदाबाईला मी एकदाच रडताना पाहिलं, ते त्या वाटेवर. परत येताना निशा तिच्या कडेवर होती. “हे मी केलं, मॅडम,” ती म्हणाली.

“नाही. मी केलं.”

“तुमचं आजचं आहे,” ती म्हणाली. “माहं दोन महिन्यांचं आहे.”

बातमी फोनवरून माजरीला पोहोचली. सुनिल दुपारीच मोटारसायकलवर आला आणि मंगलीशी एक शब्द न बोलता निशाचे कपडे पिशवीत भरायला लागला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याचा बाप त्याच जंगलात गेला होता, त्याच्यावर मी तरी कशी रागावणार? चंदाबाई त्याच्या अंगणात जाऊन बसली.

“नेशील तर ने. पण तुह्या पोरीले सांगितलं का, आजा मेला म्हणून?”

सुनिल थबकला. “एवढ्याशा लेकराले काय समजते, काकी?”

“समजते म्हणून तर त्याले दुपट्टा द्याले निघाली. आता तू नेशील, मंग तिले वाटंल मायबी जंगलात राह्यली. माजरीत कोणाकोणाले चावंल ते? तीन दिवस दे मले. चौथ्या दिवशी मीच तुह्या गाडीवर बसवून देतो तिले.”

त्याने पिशवी मोटारसायकलला बांधली, पण तीन दिवस दिले.

ऊन उतरल्यावर आम्ही पाच जणं गावाबाहेर पोचूच्या दगडापाशी गेलो: मंगली, सुनिल, मुठीत तोच दुपट्टा धरलेली निशा, चंदाबाई आणि मी. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण कोणी जा म्हणूनही सांगितलं नाही. चंदाबाई जमिनीवर बसली, गुडघे वाजले.

“निशा, मी तुले म्हटलं होतं, आजा येते. ते खोटं होतं. मी चुकलो,” ती म्हणाली. मग मंगलीकडे पाहिलं. “पुढचं तुह्या तोंडून पाह्यजे.”

मंगलीने निशाला मांडीवर घेतलं. “आजा मेला, निशा. त्याच्या अंगात जीव नाई. तो चालत नाई, खात नाई. तो आता येत नाई.”

“येते,” निशा म्हणाली.

“नाई येत, माय.”

“येते.”

“नाई येत. मलेबी आजाची याद येते,” मंगली म्हणाली आणि रडायला लागली. सुनिल पाठ फिरवून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. निशा दोघांकडे बघत राहिली आणि मग भोकांड पसरून रडली, सकाळी न रडलेलं सगळं धरून. कोणी तिला गप म्हटलं नाही. मला किती वाटत होतं, की पर्समधलं चॉकलेट काढून द्यावं. मी पर्स घट्ट धरून बसले. रडून झाल्यावर तिने दुपट्टा दगडावर टाकला, नीट केला, आणि आईच्या खांद्यावर झोपली. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत एका मोठ्या माणसाने एवढ्या लहान मुलाची माफी मागितलेली मी पहिल्यांदा पाहिली.

तिला सगळं समजलं असं मी म्हणणार नाही. साधना सांगत होती, की पुढचे दोन दिवस निशाने पंचवीस-तीस वेळा विचारलं, “आजा?” आणि प्रत्येक वेळी जो कोणी जवळ असेल त्याने तेच उत्तर दिलं. गावात चंदाबाईची तशी ताकीदच होती. मंगळवारी मंगली निशाला सांगून, चुंबळ देऊन हातपंपापर्यंत गेली आणि परत आली. परत गेली, परत आली. असं दिवसभर. निशाने पहिल्या दोन वेळा चुंबळ फेकली, तिसऱ्यांदा खिळ्याला लावली. बुधवारी मंगली शेतात जाऊन आली. गुरुवारी मोहाला जायचं ठरलं.

गुरुवारी मी पुन्हा गेले. माझ्या दौऱ्यात पळसटोला नव्हता, पण गेले. मंगली निशासमोर बसून म्हणाली, “मी मोहाले जातो. संग बाया आहेत. खिचडीच्या टायमाले येतो.” निशाने तिचं लुगडं धरलं, रडली, आणि हुंदके देत चुंबळ खिळ्याला लावली. पोचूचा खिळा शेजारीच, मोकळा. सुनिल दारापाशी उकिडवा बसला होता. मोटारसायकल समोर, पिशवी तिला बांधलेलीच.

खिचडी शिजली. चंदाबाईने जमेल तेवढा उशीर केला, पण बाकीची पोरं भुकेजली होती. ताटं वाढली. बाया आल्या नव्हत्या. निशाने ताटाला हात लावला नाही. खिळ्यावरची चुंबळ काढून छातीशी धरली आणि दारात उभी राहिली. मुलांचं जेवण अर्धं झालं.

“माय मेली?” तिने विचारलं.

साधनाचा डाव हातात तसाच राहिला. सुनिल उठून उभा राहिला आणि त्याचा हात पिशवीच्या दोरीकडे गेला. माझ्या ओठांवर आलंच होतं, की नाही गं, येईलच आता. चंदाबाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते गिळलं.

ती निशाजवळ बसली. “मले जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो. माय सकाळी धडधाकट गेली. बाया संग आहेत. उशीर होऊन राह्यला, काऊन ते मले माहीत नाई. तुले भेव वाटून राह्यलं. मलेबी वाटून राह्यलं. आपण दोघी इथी बसू.”

निशा तिच्या मांडीवर बसली. दोघी वाटेकडे बघत राहिल्या. मी घड्याळ पाहिलं नाही, म्हणून किती वेळ ते सांगता येणार नाही. मग वळणावर बायांचे आवाज आले आणि माझ्या जिवात जीव आला. एकीच्या पायात काटा मोडला होता, तिला धरून आणता आणता उशीर झाला होता. मंगली टोपली सावरत सगळ्यांच्या पुढे, जवळजवळ पळत येत होती.

निशा पळाली नाही. आई दारात येईपर्यंत थांबली. मंगली खाली बसली तेव्हा निशाने चुंबळीने तिच्या खांद्यावर दोन सणसणीत फटके मारले, आणि मग ती चुंबळ तिच्या हातात दिली.

“राग आला तिले, तू उशिरा आली म्हणून,” चंदाबाई म्हणाली. “बरोबर आहे तिचं.”

निशा ताटावर बसली आणि थंडगार खिचडी सगळी संपवली. वर अजून मागितली.

सुनिलने मोटारसायकलवरची पिशवी सोडली आणि मंगलीजवळ ठेवली. त्याला ड्युटीवर परतायचं होतं. एरवी तो निशा झोपली की निघत असे. त्या दिवशी तो तिच्यासमोर बसला, गळ्यातला दुपट्टा काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाला, “मी जातो, निशा. शनिवारी येतो.”

“नक्की येशील तरच म्हण,” चंदाबाई मागून म्हणाली.

“येतो, काकी.”

“मंग दोन खिचड्या झाल्या का बा येते, माय.”

निशाने त्या ओळीकडे पाहिलं. आजाच्या मोकळ्या खिळ्याला हात लावला, थोडी थांबली, आणि बापाचा दुपट्टा त्यावर अडकवला.

निघताना मी भेट-पुस्तिका मागितली. जुना शेरा खोडला नाही, असू दे माझ्या नावावर. खाली नवीन लिहिला: ‘चुंबळी धुऊ नयेत. आणखी पाच खिळे तात्काळ ठोकावेत.’ रेघा दोनच ओढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरी मी समोरच्या दारात उभी राहून दीपिकाला सांगितलं, की मी कामावर जाते आहे आणि सहा वाजता येईन. तिने दप्तर भरता भरता मान वर केली आणि म्हणाली, “बरं.” त्या संध्याकाळी मी पावणेसहालाच पोहोचले.

शनिवारी दुपारी साधनाचा फोन आला. वजनाचे आकडे कळवून झाल्यावर ती म्हणाली, “आणि मॅडम, चंदाबाईनं सांगाले लावलं, खिळा मोकळा आहे. सुनिलभाऊ आले, निशानं आत्ताच दुपट्टा काढून त्यांच्या गळ्यात टाकला.”